परिसर अभ्यास, प्राथमिक शाळेतील

प्राथमिक शाळेच्या पहिल्या चार-पाच इयत्तांत मुलाला त्याच्या भोवतालचा निसर्ग, माणसे, व्यवसाय, संस्था, चालीरीती आणि गतकाल यांची ओळख करून देणारा विषय. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचे लहान मुलांसाठी केलेले एकत्रीकरण म्हणजे सामाजिक अभ्यास होय. त्याला सामान्य विज्ञान व आरोग्य यांची जोड दिली, की त्यास परिसर अभ्यास असे म्हणतात. हे एकत्रीकरण केवळ वेळापत्रकाच्या सोयीसाठी केलेले नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला नदी, बाजार, देऊळ, ग्रामपंचायत आणि आजोबांच्या लहानपणची गोष्ट या वेगवेगळ्या शास्त्रांच्या वस्तू म्हणून दिसत नाहीत; त्या त्याच्या एकाच जगाचे भाग असतात. या जगाचा आधार घेऊन मोठ्या जगाकडे कसे जावे, हा या विषयाचा मूळ प्रश्न आहे. महाराष्ट्रात गेल्या दोन शतकांत त्याला जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, त्यांतून या विषयाचा इतिहास घडला आहे.

संकल्पनेचा उगम : मुलाने शब्दांआधी वस्तू पाहाव्यात, हा विचार यूरोपात कोमीनिअसने सतराव्या शतकात मांडला. त्याचे ऑर्बिस पिक्टस (१६५८) हे चित्रमय पुस्तक म्हणजे भोवतालच्या जगाचा मुलांसाठी केलेला पहिला व्यवस्थित परिचय मानला जातो. पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने निरीक्षणाला शिक्षणाचा पाया मानले. त्याच्या प्रभावातून जर्मन शाळांत ‘हायमाटकुंड’ म्हणजे स्वतःच्या गावाचा व परिसराचा अभ्यास रूढ झाला. अमेरिकेत जॉन ड्यूई याने १८९६ मध्ये शिकागो येथे काढलेल्या प्रयोगशाळेत लहान मुले स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम असे व्यवसाय प्रत्यक्ष करीत आणि त्यांच्या अनुषंगाने मानवी समाजाच्या वाटचालीकडे वळत. ‘सामाजिक अभ्यास’ ही संज्ञा अमेरिकेत १९१६ च्या एका शिक्षणविषयक समितीच्या अहवालानंतर सर्वत्र प्रचारात आली. ल्यूसी स्प्रेग मिचेल हिने यंग जिऑग्रफर्स (१९३४) या पुस्तकात मुलांनी नकाशा आधी पायांनी चालून आणि हातांनी रचून शिकावा, असे प्रतिपादन केले. पुढे पॉल हॅना याने स्वतः, कुटुंब, शाळा, शेजार, गाव, राज्य, राष्ट्र आणि जग अशी विस्तारत जाणाऱ्या वर्तुळांची रचना पुरस्कारली. प्राथमिक अभ्यासक्रमांवर तिचा फार मोठा प्रभाव पडला.

या रचनेवर आक्षेपही घेतले गेले. लहान मूल केवळ जवळचेच समजू शकते असे नाही. राक्षस, राजे, दूरदेशीचे प्रवासी यांच्या गोष्टींत ते सहज रमते, असे कीरन ईगनसारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले. मुलाला जे अंतराने जवळ असते ते त्याला समजलेले असतेच असे नाही, आणि जे दूर असते ते अनाकलनीयही नसते. कोणताही विषय कोणत्याही वयाच्या मुलाला त्याच्या आकलनाला साजेशा प्रामाणिक स्वरूपात शिकविता येतो, हे जेरोम ब्रूनर याचे १९६० मधील प्रतिपादन याच दिशेचे होते. ‘जवळून दूर’ की ‘गोष्टीतून जग’ हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळेत या दोन्ही दृष्टी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीपूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत समाज व परिसर हा शिकविण्याचा विषय नव्हता. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, मोडी वाचन-लेखन, पाढे, पावकी-निमकी आणि हिशेब एवढाच तिथला अभ्यास असे. समाजाची ओळख घरात, शेतावर, जत्रेत, कीर्तनात आणि धंद्यातून होई. ती खोल असे. पण जात व व्यवसाय यांच्या कुंपणातली असे. कोळ्याच्या मुलाला होडी व जाळे यांचे ज्ञान मिळे, कुळकर्ण्याच्या मुलाला दप्तराचे. एकमेकांचे ज्ञान मात्र दोघांनाही मिळत नसे.

माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या गव्हर्नरपदाच्या काळात (१८१९–२७) मुंबईत १८२२ साली शालेय पुस्तके व शाळा यांसाठी एक संस्था स्थापन झाली. ती १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या प्रयत्नांनी मराठीत छापील शालेय पुस्तके तयार झाली आणि त्यांतून इतिहास व भूगोल हे विषय प्रथमच मराठी शाळेत आले. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी भूगोल, इंग्लंडचा इतिहास व हिंदुस्थानचा इतिहास या विषयांवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तके लिहिली. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचे (१८२६) कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेले भाषांतर मराठ्यांची बखर या नावाने शाळांतून दीर्घकाळ वाचले गेले. या बखरीतील दोष दाखविणारा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांचा निबंध १८६७-६८ च्या सुमारास पुढे आला. मराठी इतिहाससंशोधनाच्या चिकित्सक परंपरेचा आरंभ पुष्कळदा या निबंधापासून मानला जातो. शाळेत मुलांच्या हाती कोणता भूतकाळ द्यावयाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात असा फार लवकर उभा राहिला.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले. त्यानंतर इयत्तावार अभ्यास, क्रमिक पुस्तके आणि तपासनिसांची वार्षिक परीक्षा अशी चौकट तयार झाली. या चौकटीत इतिहास म्हणजे सनावळ्या आणि भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, तालुके व बाजारपेठा यांच्या याद्या, असे रूप या विषयांना आले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेसाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे सामान्य ज्ञान, शेतीची मूलभूत माहिती आणि नीती व आरोग्य यांविषयीचे काही पाठ असावेत, अशी मागणी होती. कष्टकऱ्यांच्या मुलाला शाळेतून स्वतःच्या जीवनाशी जोडलेले काही मिळाले पाहिजे, हा तिचा आशय होता. परिसर अभ्यासाचे बीज महाराष्ट्रात या मागणीत स्पष्टपणे दिसते.

जिल्ह्याचा भूगोल : स्थानिक भूगोलापासून आरंभ करण्याच्या तत्त्वानुसार प्राथमिक शाळेत प्रथम जिल्ह्याचा, मग इलाख्याचा आणि त्यानंतर हिंदुस्थानचा भूगोल शिकविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. प्रत्येक जिल्ह्यासाठी मराठीत लहान पुस्तके निघाली. बॉम्बे गॅझेटिअरचे ठाणे जिल्ह्याविषयीचे खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशासनाने गोळा केलेल्या अशा माहितीचा ओघ या भूगोलांकडे वळणे स्वाभाविक होते. तिसरीत जिल्हा शिकविण्याची परंपरा स्वातंत्र्यानंतरही टिकली.

या परंपरेने मुलाला नावगाव असलेला परिसर दिला, हे तिचे श्रेय. मात्र जिल्हा हा प्रशासनाचा घटक आहे, मुलाच्या अनुभवाचा नव्हे. साष्टी बेटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे बेट ब्रिटिश अमदानीत ठाणे जिल्ह्यात होते. १९२० मध्ये त्याच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा झाला. १९५० व १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दी वाढत जाऊन अनेक गावे महानगरात आली आणि १९९० मध्ये आजचा मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. या काळात साष्टीतील एकाच घरातील आजोबा, वडील आणि मुलगा यांनी ‘माझा जिल्हा’ या शीर्षकाखाली निरनिराळी नावे पाठ केली असतील. त्यांच्या गावाची खाडी, वाट आणि समुद्र मात्र तेच राहिले.

मूलोद्योग शिक्षण आणि सामाजिक अभ्यास : ‘सामाजिक अभ्यास’ या नावाने हा विषय भारतीय प्राथमिक शाळेत प्रथम ठळकपणे आला तो वर्धा योजनेतून. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने सात वर्षांचा जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांचा समावेश सामाजिक अभ्यासात करण्यात आला [→ मूलोद्योग शिक्षण]. पहिल्या इयत्तेपासूनच आदिमानवाचे जीवन, प्राचीन संस्कृतींतील माणसे, वाळवंटातील अरब, बर्फाळ प्रदेशातील एस्किमो यांच्या गोष्टी सांगाव्यात आणि त्याबरोबर घर, शाळा व गाव यांतील स्वच्छता, जबाबदारी व सहकार्य यांचे प्रत्यक्ष शिक्षण द्यावे, अशी त्यात योजना होती. जवळचे काम आणि दूरची गोष्ट यांचा हा मेळ पुढील अनेक अभ्यासक्रमांपेक्षा अधिक समतोल होता. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने निवडक क्षेत्रांत मूलोद्योग शाळा सुरू केल्या. सूतकताईचा आग्रह जसजसा यांत्रिक होत गेला, तसतशी ही योजना क्षीण झाली आणि सामाजिक अभ्यासही पुन्हा स्वतंत्र पाठांत विभागला गेला.

याच सुमारास उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर एक वेगळा प्रयोग घडत होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाड येथील वारली वस्तीकडे नेण्यात आले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा जन्माला आली. पाने, बिया, दगड, शिंपले आणि मुलांच्या बोलीतील गाणी ही तिथली शैक्षणिक साधने होती. परिसर हा पुस्तकातील धडा नसून शाळेची जागाच आहे, हे तत्त्व या प्रयोगाने कृतीत दाखविले. [→ अंगणवाडी, बालशिक्षण].

स्वातंत्र्योत्तर कालखंड : १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर निरनिराळ्या विभागांतील अभ्यासक्रमांचे एकत्रीकरण करणे आवश्यक झाले. २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) स्थापन झाले आणि सर्व राज्यासाठी एकच पाठ्यपुस्तकमाला निघू लागली. चौथीच्या इतिहासासाठी शिवछत्रपती हे पुस्तक १९७० च्या सुमारास आले. एका चरित्राच्या आधारे लहान मुलांना इतिहास सांगण्याची ही पद्धत अतिशय लोकप्रिय ठरली. अनेक पिढ्यांच्या मनावर त्यातील प्रसंग व चित्रे कोरली गेली आहेत. त्यात मोठे फेरफार करू नयेत अशी लोकभावना वेळोवेळी प्रकट झाली आणि शासनानेही तिचा मान राखला. गोष्ट हे लहान वयातील इतिहासाचे स्वाभाविक रूप आहे, याचा हे पुस्तक उत्तम पुरावा आहे. त्याचबरोबर शिवकालातील शेतकरी, कारागीर, खलाशी आणि स्त्रिया यांचे दैनंदिन जीवन मुलाला कसे दिसावे, हा प्रश्न शिक्षकाच्या कौशल्यावर सोपविला गेला.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९७५ मध्ये दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाचा आराखडा मांडला. त्यात पहिली-दुसरीसाठी परिसर अभ्यास हा एकच विषय, तर तिसरी ते पाचवीसाठी त्याचे निसर्गविज्ञान व सामाजिक अभ्यास असे दोन भाग सुचविण्यात आले. १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमतांची यादी प्रसिद्ध झाली. भाषा व गणित यांच्याबरोबर परिसर अभ्यासाच्याही क्षमता क्रमांक देऊन नोंदविल्या गेल्या. यामुळे कच्च्या मुलांकडे लक्ष गेले, तथापि निरीक्षण व जिज्ञासा यांसारख्या गोष्टी तक्त्यात बसविण्याची अडचणही प्रकट झाली. १९९३ मध्ये यशपाल समितीने मुलांवरील ओझ्याचे मूळ दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या माहितीत आहे, हे स्पष्टपणे दाखवून दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने तिसरी ते पाचवीसाठी विज्ञान, सामाजिक शास्त्रे व पर्यावरणशिक्षण यांचा एकात्म परिसर अभ्यास पुरस्कारला.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमानंतर महाराष्ट्राने २०१२ चा प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम तयार केला. त्यानुसार २०१४ मध्ये तिसरी व चौथीची आणि २०१५ मध्ये पाचवीची नवी पाठ्यपुस्तके आली. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघाले. चौथीच्या पुस्तकाचा पहिला भाग एकात्म असून दुसरा भाग शिवछत्रपती हाच राहिला. पाचवीच्या दुसऱ्या भागात इतिहास म्हणजे काय आणि मानवाची उत्क्रांती यांपासून आरंभ करण्यात आला. परिसर, महापुरुषाचे चरित्र आणि मानवजातीची कथा असे तीन निरनिराळे प्रारंभबिंदू एकाच अभ्यासक्रमात असणे, हे महाराष्ट्राच्या परंपरेचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ च्या आराखड्यात तिसरी ते पाचवी या टप्प्यासाठी ‘आपल्या सभोवतालचे जग’ या आशयाचा विषय सुचविण्यात आला आहे.

अध्यापनाची तत्त्वे : लहान मुलाला सामाजिक अभ्यास शिकविताना अवकाश, काळ आणि परस्परावलंबन या तीन कल्पना क्रमाने घडवाव्या लागतात.

अवकाशाची कल्पना हालचालीतून तयार होते. वर्गाचा नकाशा काढण्यापूर्वी मुलाने वर्ग पावलांनी मोजावा, काड्यापेट्यांनी बाके मांडावीत, मग त्यांच्या भोवती खडूने रेघ ओढावी. नकाशा म्हणजे वरून पाहिलेले दृश्य, ही गोष्ट मोठ्यांना सोपी वाटते. मुलाला ती घडवावी लागते. उत्तर दिशा नकाशाच्या ‘वर’ असते असे शिकलेले मूल आकाशाकडे बोट दाखविते, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

काळाची कल्पना त्याहून कठीण. सात-आठ वर्षांचे मूल आधी व नंतर असा क्रम लावू शकते. शतकांचे अंतर त्याला जाणवत नाही. म्हणून इतिहासाचा आरंभ सनावळीने न करता कुटुंबातील पिढ्यांनी करावा, असे तज्ज्ञ सुचवितात. आजीच्या लहानपणी पाणी कोठून आणीत, दिवा कशाचा होता, शाळेत कोण जात असे, या प्रश्नांची उत्तरे घेऊन मूल वर्गात येते, तेव्हा ते साधन गोळा करून आलेले असते. दोन आज्यांच्या सांगण्यात फरक पडला, तर कोणाचे खरे आणि ते कसे ठरवावे, असा इतिहासशास्त्राचा मूलभूत प्रश्न वर्गात सहज उभा राहतो.

परस्परावलंबनाची कल्पना कामांच्या अभ्यासातून येते. पॅट्रिक गेडिस हा विचारवंत १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. स्थळ, काम आणि लोक यांचा एकत्र विचार करावा, हे त्याचे सूत्र होते. डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या खोऱ्याच्या त्याच्या प्रसिद्ध रेखाचित्रात खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी व बागाईतदार असे उतरत जाऊन शेवटी किनाऱ्यावर मच्छीमार दिसतो. जागा कामाला आकार देते, काम माणसांना एकत्र आणते आणि माणसे पुन्हा जागा बदलतात, ही साखळी प्राथमिक शाळेतही समजावून देता येते.

मढ : एक परिसर म्हणून : मुंबई उपनगर जिल्ह्यातील मढ या भागाचे उदाहरण घेतल्यास वरील तत्त्वे कशी वापरता येतात ते स्पष्ट होईल. मालाडच्या पश्चिमेस, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मालाडची खाडी असलेल्या या भूभागावर मढ, एरंगळ, आक्सा इ. वस्त्या आहेत. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि इतर जुन्या रहिवाशांबरोबर कामधंद्यासाठी आलेली अनेक प्रांतांतील कुटुंबेही येथे राहतात.

अवकाशाचा पहिला पाठ येथे खाडीच देते. समोर दिसणारे वेसावे होडीने काही मिनिटांवर आहे. रस्त्याने जावयाचे तर मार्वे व मालाडवरून मोठा वळसा पडतो. जवळ काय आणि दूर काय, हे केवळ अंतरावर नसून वाटेवर व वाहनावर अवलंबून असते, ही भूगोलातील महत्त्वाची कल्पना येथील मूल शाळेत येण्यापूर्वीच अनुभवाने जाणते. शिक्षकाने तिला नाव द्यावयाचे आणि नकाशावर उतरवून घ्यावयाचे असते.

भरती-ओहोटी हा दुसरा पाठ. समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. कोळीवाड्यातील जाणती माणसे तिथीवरून पाण्याची वेळ सांगतात. प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्यात मासळी येणे पाण्याच्या या ओढीवर अवलंबून असते. पंधरा दिवस मुलांनी एका ठरलेल्या खुणेपाशी पाण्याची वेळ नोंदवली आणि शेजारी चंद्राची आकृती काढली, तर निसर्गविज्ञान, गणित व व्यवसाय हे तिन्ही विषय एका तक्त्यावर येतात. येथे घरच्या ज्ञानाला शाळेत प्रतिष्ठा मिळते. होडीवर वाढलेले मूल पुस्तकात कच्चे असले, तरी या पाठात ते इतरांना शिकवू शकते. या विषयाचे सामाजिक मूल्य यातच आहे.

कामांचा अभ्यास मासळीच्या प्रवासातून करता येतो. समुद्रावर जाणारे खलाशी, बंदरावर मासळी निवडणाऱ्या व बाजारात विकणाऱ्या कोळिणी, बर्फ पुरविणारे, जाळी विणणारे व होड्या दुरुस्त करणारे कारागीर आणि शेवटी दूरच्या उपनगरातील गिऱ्हाईक, अशी साखळी मुले स्वतः मांडू शकतात. बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील ऊन, वारा व साठवण यांविषयीचा धडा देतात. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी का बंद ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा का करतात, या प्रश्नांतून हवामान, माशांची पैदास, कायदा आणि सण यांचा संबंध उलगडतो. समुद्रात दिसणारा प्लास्टिकचा कचरा कोठून येतो, हा प्रश्न खाडीच्या वरच्या अंगाच्या वस्त्यांपर्यंत मुलाला घेऊन जातो. नागरिकशास्त्राचा आरंभ येथे होतो.

गतकालाची साधनेही हाताशी आहेत. खाडीच्या मुखाशी मढचा किल्ला उभा आहे. तो वेसाव्याचा किल्ला या नावानेही ओळखला जातो. १५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. हा किल्ला त्यांच्या अमदानीत बांधला गेला आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी जिंकली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. किल्ला संरक्षणदलाच्या ताब्यात असल्याने आत जाण्यास परवानगी लागते. परंतु बाहेरूनही तट, बुरूज आणि खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येईल अशी जागा पाहून तो येथेच का बांधला, हे मुले तर्काने सांगू शकतात. एरंगळच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकातील संत बोनाव्हेंचर चर्च असून जानेवारीत तेथील सणाला मोठी गर्दी होते. त्या गर्दीत ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू कोळी बांधवही असतात.

शिक्षकाच्या विवेकाची कसोटी येथेच लागते. १७३९ चा विजय चौथीच्या वर्गात अभिमानाने सांगितला जाणे स्वाभाविक आहे. त्याच वर्गात पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या, घरी मराठीचीच बोली बोलणाऱ्या आणि १८८७ पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या समाजाची मुलेही बसलेली असू शकतात. किल्ला ‘त्यांचा’ आणि विजय ‘आपला’ अशी विभागणी झाली, तर त्या मुलाला स्वतःच्याच गावात परके केल्यासारखे होते. राज्यकर्ते आणि रहिवासी यांत फरक करणे, तोफा डागणाऱ्यांबरोबर त्या काळी खाडीत जाळे टाकणाऱ्यांचीही आठवण ठेवणे, आणि राज्ये बदलली तरी टिकून राहिलेल्या गावाची कथा सांगणे हा त्यावरचा उपाय आहे. यात इतिहास सौम्य करण्याचा प्रश्न नसून तो पुरता सांगण्याचा आहे.

अडचणी : परिसर अभ्यासाच्या मार्गातील पहिली अडचण पाठ्यपुस्तकाच्या स्वरूपातून उद्भवते. राज्यभर किंवा जिल्हाभर एकच पुस्तक असले, की ‘परिसर’ हाच पाठ करण्याचा मजकूर बनतो. समुद्र समोर असताना समुद्राविषयीचे चार मुद्दे फळ्यावरून उतरवून घेतले जातात. परीक्षेत एकच बरोबर उत्तर अपेक्षिले जाते. परिसराचे प्रश्न मात्र पुष्कळदा ‘कोणाला विचारले’ यावर अवलंबून असतात. दुसरी अडचण शिक्षकाची. त्याची बदली होत असते, तो बहुधा दुसऱ्या गावचा असतो, सर्वेक्षणे व इतर शासकीय कामे त्याच्यावर सोपविलेली असतात, आणि वर्गाबाहेर मुलांना नेण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या शिरावर येते. तिसरी अडचण महानगराची. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून चालतात. ज्या मुलाचे आजोबा दरभंग्यात किंवा गुलबर्ग्यात राहतात, त्याचा परिसर कोणता, हा प्रश्न ‘माझा जिल्हा’ या कल्पनेत बसत नाही. अशा वर्गात ‘आपण येथे कोठून व का आलो’ हा इतिहासाचा पहिला धडा होऊ शकतो.

एक धोका मात्र सुजाण शिक्षकानेही टाळावयास हवा. परिसराचा गौरव करताना मुलाला त्या परिसरात बांधून ठेवले जाऊ नये. कोळ्याच्या मुलाने कोळीपणच शिकावे, असा त्याचा अर्थ होऊ लागला, तर पंतोजींच्या काळातील जातींची कुंपणे नव्या नावाने परत येतील. फुल्यांच्या मागणीत शेतीबरोबर सामान्य इतिहास व भूगोलही होता, याचे कारण हेच. स्वतःच्या खाडीचा नकाशा काढता येणाऱ्या मुलाला जगाचा नकाशा वाचता आला पाहिजे, आणि जगाचा नकाशा पाठ असणाऱ्या मुलाला स्वतःच्या खाडीत काय चालले आहे ते सांगता आले पाहिजे. दोन शतकांत अभ्यासक्रमांची नावे अनेकदा बदलली. त्यांपैकी ज्या प्रयोगांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली, तेच मुलांच्या दृष्टीने फलदायी ठरले आहेत.